शेपटीतला निळा रंग

मित्रांनो, कपाटावर काळं झबलं घालून बसलेलं हे ध्यान कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. घाबरू नका. मी एक जुना थर्मास आहे. तुमच्या घरी चहा गरम ठेवणारा थर्मास असतो ना, तो माझा चुलत भाऊ. तो गरम ते गरम ठेवतो, मी गार ते गार ठेवत असे. प्रयोगशाळेत मला ‘ड्युअर’ म्हणतात. ते नाव मला कधी मनापासून आवडलं नाही. थर्मास म्हटलं की कसं घरच्यासारखं वाटतं.

माझा आकार पाहून हसू नका. वर तुमच्या डोक्याएवढं गोल पोट आणि खाली बोटाएवढी जाड, वीतभर लांब शेपटी. पोटाला आतून चांदीचा मुलामा आहे, शेपटी मात्र उघडी, आरपार दिसणारी. पहिल्यांदा मला पाहणारा माणूस ‘हे काय?’ असंच विचारतो. ‘हे कोण?’ असं अजून कुणी विचारलेलं नाही, तेव्हा निदान तुम्ही तरी विचारा.

माझा जन्म याच इमारतीच्या तळमजल्यावर, काचशाळेत झाला. तिथे ज्योत दिवसभर फुसफुसत असे आणि तिच्यासमोर काळा चष्मा लावून काचकाका बसलेले असत. साधी काच त्यांच्या हातात लोण्यासारखी वळायची. मी मात्र क्वार्ट्झ नावाच्या हट्टी काचेचा. मला वळवताना त्यांना घाम फुटला. एका नळीत दुसरी नळी बसवून त्यांनी माझ्या दोन भिंती केल्या आणि पंप लावून मधली हवा ओढून काढली. त्या दोन भिंतींच्या मध्ये काहीही नाही, मित्रांनो. हवासुद्धा नाही. बाहेरच्या उबेला आत शिरायला वाट सापडत नाही ती त्यामुळेच.

हवा काढून झाली की ती जागा ज्योतीने वितळवून बंद करावी लागते. त्या वेळी काका श्वास रोखून धरत. त्यांचं पाहून काचशाळेतले सगळेच श्वास रोखत, दारात कुणी आलं तर तोही जागच्या जागी उभा राही. काच मिटली, छोटंसं टोक उरलं, की काका सुस्कारा सोडत आणि म्हणत, “पडली बेंबी!” तीच ही माझी बेंबी, पोटाच्या बाजूला. जरा वाकडी आहे, कारण नेमकी त्याच वेळी काकांना शिंक आली होती. मी तिथे होतो तोवर कित्येकदा ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “हा माझा शिंकरा.” मला राग यायचा. पण लाडाने ठेवलेल्या नावावर रागावून करणार काय?

मग मला वरच्या मजल्यावर नेलं. काकांचा एक नेम होता. ते वर कधी येत नसत. म्हणत, “वर गेलेली काच खाली येते ती फुटल्यावरच. मी आपला आजारी काचेचा डॉक्टर.” मी काही फुटलो नाही, म्हणून माझी आणि त्यांची भेटही फारशी झाली नाही. माझ्या आत काय ठेवतात ते त्यांनी आयुष्यभरात एकदाही पाहिलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट इथेच येऊन अडते.

आता माझं काम सांगतो. माझ्या पोटात द्रव नायट्रोजन ओतत. तो इतका गार असतो की त्याच्यापुढे बर्फालाही हुडहुडी भरावी. आणि शेपटीत, त्या गारव्यात बुडवून, एक बारीक नळी उभी करत. नळीत असायचं पाणी, त्यात भरपूर कॉस्टिक सोडा विरघळवलेला. असं पाणी झटकन गोठवलं की त्याचा पांढरा बर्फ होत नाही. ते स्वच्छ, काचेसारखं होतं. पाण्याचे कण ओळीत उभे राहायच्या आतच थिजतात, जो जिथे असेल तिथे.

माझ्याकडे येण्याआधी ही नळी किरणकोठीत जाऊन यायची. शिशाच्या जाड भिंतींची ती खोली होती. तिथे मला नेत नसत, कारण त्या किरणांनी माझ्यासारख्या काचेवरही डाग पडतात. तिथे जायचा माझा सोबती, स्टीलचा डबा. तोही गार ठेवणाराच, पण आरपार दिसण्याची भानगड नसलेला. आत गेल्यावर किरण त्या गोठलेल्या पाण्याला थडाथड लागत आणि पाण्याच्या कणांचे तुकडे पडत. असे तुटके तुकडे म्हणजे मुक्त मूलकं. ती एकटी राहूच शकत नाहीत. साध्या पाण्यात असती तर डोळ्याचं पातं लवायच्या आत एकमेकांना भिडून जोडून मोकळी झाली असती. पण इथे सगळं गोठलेलं. तुम्ही खेळताना कुणी ‘स्टॅच्यू’ म्हटलं की कशी एक पाय वर करून उभी राहता, तशी ती जिथल्या तिथे अडकून पडत. समोर दिसतंय, पण जाता येत नाही. मला त्यांची फार दया यायची. मी तरी काय करणार? त्यांना अडकवून ठेवणारा गारवा मीच तर सांभाळत होतो.

आणि त्या तुटातुटीत बाहेर फेकले गेलेले इलेक्ट्रॉन त्या काचेतल्या बारीक खळग्यांमध्ये पडत. पडले की तिथेच. ते तिथे आहेत तोवर गोठलेलं पाणी निळं दिसायचं. मित्रांनो, तो निळा कसा सांगू! शाईचा नव्हे आणि आकाशाचाही नव्हे. गडद, तरीही आरपार. माझ्या शेपटीत तो रंग उतरला की मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

पण तो रंग फार नाजूक. जरा ऊब लागली की काच मऊ पडते, इलेक्ट्रॉन खळग्यातून निसटतो, एखाद्या तुकड्याला जाऊन मिळतो आणि रंग जातो. उजेड पडला तरी तेच. उजेडाने इलेक्ट्रॉनला उडी मारायचं बळ येतं. एकदा गेलेला रंग पुन्हा हवा असेल तर नळी परत किरणकोठीत न्यावी लागते. म्हणून मला सदा अंधाऱ्या खोलीत ठेवत आणि शेपटीवर काळं कापड गुंडाळत.

ते कापड सारखं घसरायचं. शेवटी ताईने त्यावर उपाय काढला. ताई म्हणजे इथे संशोधन करणारी मुलगी. तिने तळमजल्यावर जाऊन काकांना गाऱ्हाणं सांगितलं, काकांनी घरी जाऊन काकूंना सांगितलं, आणि काकूंनी मला न पाहताच, नुसत्या मापावरून, काळ्या जाड कापडाचं बटणांचं झबलं शिवून पाठवलं. अगदी बेतशीर बसलं. सगळी प्रयोगशाळा हसली. “थर्मासचं बारसं कधी?” असं येता-जाता विचारू लागली. ताई मात्र रोज ती बटणं इतक्या हळूच लावायची की मला खरंच कुणाचं तरी लेकरू असल्यासारखं वाटायचं.

ताईचा प्रश्न साधा होता, उत्तर अवघड होतं. गोठलेल्या पाण्याला थोडी थोडी ऊब दिली तर कोणता तुकडा आधी सुटतो, आणि सुटल्यावर कुणाकडे जातो? त्यासाठी ती मला एका मोठ्या लोहचुंबकाच्या दोन जबड्यांमध्ये उभं करी. शेजारचं यंत्र एक वेडीवाकडी रेघ काढायचं. कोण किती उरलंय ते ताई त्या रेघेवरून वाचायची. मग जराशी ऊब, पुन्हा गारवा, पुन्हा रेघ. तिचं काम अगदी कडेला आलं होतं. फक्त शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग राहिला होता.

तेव्हाच किरणकोठी बंद झाली. तिथलं किरण देणारं द्रव्य जुनं होऊन कमजोर झालं होतं. एके दिवशी मोठा ट्रक आला, शिशाच्या पेटीत घालून ते घेऊन गेला. नवं कधी येणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. ताईने आधीच काही नळ्या किरण देऊन डब्यात ठेवल्या होत्या. सरावाच्या प्रयोगांत त्या एकेक करून संपल्या. शेवटची नळी माझ्या शेपटीत उतरली. स्टीलचा डबा रिकामा झाला. ताईने तो पुसून अंधाऱ्या खोलीच्या दाराजवळच्या टेबलावर पालथा घातला.

आणि नेमका लोहचुंबकाला पाणी पुरवणारा पंप बिघडला. चुंबक गार राहिल्याशिवाय चालत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, “सोमवारी येतो.” सोमवारपर्यंत मला तो रंग सांभाळायचा होता. ताई सुट्टीच्या दिवशीही यायची, पोटात नायट्रोजन भरायची, झबल्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, “एवढं सांभाळ रे बाबा.” तिची मुदत त्याच महिन्यात संपत होती. तिचं टेबल पुढच्या कुणाला तरी देऊन झालं होतं. मी जिवाच्या आकांताने गारवा धरून होतो.

रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. काचकाका आले होते. आयुष्यात पहिल्यांदा वर! एक हात काकूंच्या खांद्यावर, दुसरा भिंतीवर. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता. डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. ते दोघं लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. जाताना सगळ्यांना भेटायचं म्हणून आले, तर इमारतीत एकटी ताई.

“काका, तुम्ही आणि वर?” ताईने घाईघाईने खुर्ची पुढे केली.

“आता मीच फुटलोय. वर यायला हरकत नाही,” काका हसून म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. “चष्मा लावूनही समोरचं माणूस ओळखू येत नाही गं. परवा मलाच ‘कोण?’ म्हणाले. उजेडात थोडं थोडं दिसतं अजून. पुढच्या महिन्यात तेवढं तरी राहील का, डॉक्टर काही बोलत नाहीत.”

मग जरा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. काका माझी चौकशी करायला विसरले नाहीत. “माझा शिंकरा काय म्हणतो?”

“ठणठणीत आहे. आतल्या खोलीत आहे.”

काकूच म्हणाल्या, “अहो, जन्मभर भांडी घडवलीत. त्यात हे लोक काय ठेवतात ते एकदा बघून तरी घ्या. झबलं शिवलं मी, पण बाळ काही कुणी दाखवलं नाही.”

ताईने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. काकांनी लगेच हात हलवला. “नको नको. तिचं काम असेल त्यात.”

अंधाऱ्या खोलीच्या दाराच्या फटीतून मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.  मग तिचा आवाज आला. “या काका. क्षणभर बघितल्याने काही होत नाही.”

हे खोटं नव्हतं. मिणमिणत्या दिव्यात क्षणभर पाहिलं तर रंगाला फारसा धक्का बसत नाही. ताई स्वतः तसंच पाहायची. खोली अरुंद, दोघांपुरतीच. काकू दाराबाहेर थांबल्या. ताईने काकांना माझ्यासमोर स्टुलावर बसवलं, दार लावलं, तो लहानसा दिवा लावला आणि झबल्याची बटणं काढली.

“दिसतंय?”

काका पुढे वाकले. त्यांचा श्वास माझ्या शेपटीवर येत होता. “अंधारच दिसतोय गं.”

ताईने दिवा जवळ आणला.

“आता काहीतरी आहे. काळं काळं.”

“काळं नाही हो काका. निळं आहे.”

“असेल. तू म्हणतेस तर असेल.” काका मागे सरले. “जाऊ दे पोरी. झाकून टाक.”

ताईचा हात झबल्याकडे गेला होता, मित्रांनो! मी पाहिला. पण ‘असेल’ हा शब्द काका ज्या तऱ्हेने म्हणाले, त्याने तो हात तिथेच थांबला. तिने भिंतीवर चाचपडून मोठं बटण दाबलं. डोक्यावरचा दिवा लागला. खोली लख्ख झाली.

मला ओरडायचं होतं. तोंड आहे मला, चांगलं रुंद, पण ते नायट्रोजन ओतायला. शेपटीला चांदी लावा, असं म्हणायची सोय नव्हती. ज्या पारदर्शकपणाचा मला आयुष्यभर तोरा होता, त्यातूनच उजेड बेधडक आत शिरत होता आणि मी काही म्हणजे काही करू शकत नव्हतो.

“अगं आई गं!” काका म्हणाले.

त्यांना दिसला. त्यांनी दोन्ही हातांनी माझं पोट धरलं आणि चेहरा शेपटीला टेकवला. “हे माझ्या काचेत? हे इतकी वर्षं माझ्या काचेत होतं?” ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “असा निळा मला ज्योतीतसुद्धा कधी सापडला नाही. पोरी, हा मी बघून ठेवतो. डोळे गेले तरी हा राहील.”

 ताई माझ्याकडे पाहत होती. आत इलेक्ट्रॉन एकामागून एक खळग्यांतून उड्या मारत होते. इतके दिवस अडकून पडलेल्या तुकड्यांना ते जाऊन भेटत होते. त्यांची तर सुटका होत होती, त्यांना मी दोष देत नाही. पण निळा फिकट झाला. मग कडेकडेला उरला. मग तिथेही नाही.

काकांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

“गेला का गं? म्हणजे… संपलं वाटतं माझं. एवढ्यातच?”

आता ताईने काय सांगायचं, मित्रांनो? रंग अजून आहे म्हणावं, तर काकांना वाटणार डोळे आत्ताच, या स्टुलावर बसल्या बसल्या गेले. रंग गेला म्हणावं, तर तो कुणापायी गेला ते त्यांना कळणार. मी माझा सगळा गारवा घट्ट धरून वाट पाहत होतो. खरं तर त्या गारव्याचा आता काही उपयोग नव्हता.

“नाही, काका,” ताई म्हणाली. “तुमचे डोळे आहेत तसेच आहेत. रंगच गेला. उजेड लागला की जातो तो.”

“म्हणजे माझ्यामुळे? तुझं काम त्यात…”

“छे हो! अशा आणखी आहेत की नळ्या. स्टीलचा डबा भरून आहेत.”

किती सहज म्हणाली! मला तिचा चेहरा दिसत होता, काकांना तो दिसत नव्हता, एवढंच बरं झालं.

काकांनी मोठा सुस्कारा सोडला. “मग ठीक आहे. घाबरवलंस मला.” ते उठले, भिंत धरत दाराकडे निघाले. काकूंनी बाहेरून दार उघडलं. “बघितलंत का बाळ?” त्यांनी विचारलं.

“बघितलं. झकास आहे,” काका म्हणाले, आणि आधारासाठी त्यांनी दाराजवळच्या टेबलावर हात ठेवला. तो हात डब्यावर पडला. पालथ्या, कोरड्या, खोलीइतक्याच उबदार डब्यावर.

ज्याने जन्मभर गार राहणारी भांडी घडवली, त्याला ते कळायला डोळे कशाला लागतात? भरलेल्या डब्याच्या तोंडाशी कसा गारठा असतो, कसं धुकं सांडतं, ते सगळं त्या हाताला ठाऊक होतं. हात डब्याच्या बुडावरून एकदा फिरला आणि थांबला. काका तसेच उभे राहिले. बेंबी पाडताना श्वास रोखायचे ना, तसा त्यांनी श्वास रोखला होता. ताई त्यांच्याकडे पाहत होती. 

मग काका वळले. चाचपडत परत माझ्याकडे आले. त्यांनी माझी वाकडी बेंबी बोटाने शोधली, तिच्यावर जरा वेळ अंगठा ठेवला. मग लोंबणारं झबलं ओढून शेपटीभोवती घेतलं आणि एकेक बटण लावायला लागले. आत झाकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, ताईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी ते बोटांनी काजं चाचपत बटणं लावत होते.

“झाकून ठेवत जा हो पोरी,” ते म्हणाले. “कामाची वस्तू आहे.”

“हो काका,” ताई म्हणाली.

काकू त्यांना हळूहळू जिना उतरवून घेऊन गेल्या. ताई स्टुलावर बसली. रडली नाही. सोमवारी दुरुस्तीवाला खरोखरच आला, पंप सुरू झाला, चुंबक गार झालं. मोजायला काही नव्हतं. ताईने आपला प्रबंध लिहिला. शेवटच्या प्रश्नापाशी ‘याचं उत्तर मला देता आलेलं नाही’ असं लिहून ती पुढे गेली. का देता आलं नाही, ते तिने कुणालाही सांगितलं नाही. जाताना मला भेटली. झबल्याला मात्र तिने हात लावला नाही.

पुढे माझं काय व्हायचं ते झालं. बेंबीपाशी केसासारखी चीर गेली, दोन भिंतींच्या मध्ये हवा शिरली, आणि नायट्रोजन ओतला की माझ्या अंगावर दव धरू लागलं. मला दुरुस्त करायला काचशाळेत कुणी उरलं नाही. तिथे आता खुर्च्या रचून ठेवतात. मला उचलून या कपाटावर ठेवलं. नवे लोक येतात, नवी यंत्रं आणतात. कुणी झाडलोट करताना मला फडकं मारतं, कुणी तेही करत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते. वस्तू जपून वापरा, असं मी सांगायला हवं. पण जपायचं म्हणजे झाकून ठेवायचं, की ज्याने घडवलं त्याला एकदा उघडून दाखवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी ताईचं चुकलं का? मला विचारू नका. माझ्यासमोर घडलं सगळं, आणि मला नुसतं पाहता आलं.

एक विनंती मात्र करतो. मी आता काही कामाचा नाही. उद्या भंगारात टाकायची वेळ आली तर खुशाल टाका, मी कुरकुर करणार नाही. पण जवळ येऊन नीट पाहा. या झबल्याचं खालून दुसरं बटण चुकीच्या काजात गेलंय. त्यामुळे कापड जरा वर ओढलं गेलंय आणि शेपटीचं टोक उघडं पडलंय. तुमचा हात शिवशिवेल, मला माहीत आहे. माझ्यावर दया करायची असेल तर एवढीच करा. ते बटण सरळ करू नका.